सामाजिक संस्थेत टीम सांभाळायची जबाबदारी आली आहे. नेतृत्वाचा फुकट ऑनलाइन कोर्स पुरेल की पैसे भरून करावा?

तुम्ही लिहिलंय की गोव्यातल्या डिचोलीच्या एका संस्थेत इतकी वर्षं गावोगाव फिरून काम केलंत, आता अख्खी टीम तुमच्याकडे आली, आणि संचालक म्हणतात, 'एखादा ऑनलाइन लीडरशिप कोर्स करून टाका.' मीही शेजारच्या सत्तरी तालुक्यात अशाच कामात आहे, म्हणून जरा पाल्हाळ लावते.

फुकटचा पुरेल. पण नेतृत्वाचा कोर्स आधी करू नका. आधी स्फिअरचा करा.

स्फिअर म्हणजे आपत्तीतल्या मदतकार्याचे किमान निकष. 1997 साली रेड क्रॉस आणि इतर मदतसंस्थांनी मिळून हे काम हाती घेतलं, हस्तपुस्तिकेची सध्याची आवृत्ती 2018ची आहे. त्यात साधे आकडे दिलेत: माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी, निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, 20 माणसांमागे एक संडास (अगदी सुरुवातीच्या दिवसांत 50 माणसांमागे एक चालतो). आता हिशेब करा. पूर आला, लोकांना शाळेत हलवलं. वर्ग सहा बाय आठ मीटरचा, म्हणजे 48 चौरस मीटर. त्यात 13 माणसं मावतात. आपण किती कोंबतो, ते तुम्हालाही ठाऊक आहे.

तुम्ही म्हणाल, याचा नेतृत्वाशी काय संबंध? तर असा. जुलै 2021 मध्ये सत्तरी-डिचोलीत पाणी घुसलं तसं पुन्हा झालं, आणि एखादे पंच तुमच्या नव्या कार्यकर्तीला म्हणाले, 'आणखी दोन कुटुंबं ह्याच वर्गात घाल गो', तर ती काय करेल? आकडा माहीत नसेल तर तुम्हाला फोन लावेल. तुमचा फोन लागणार नाही, कारण सत्तरीत पावसात रेंज कुठे असते! आकडा माहीत असेल तर ती स्वतःच सांगेल की शेजारचा वर्ग उघडून द्या. निर्णय तुमच्याकडे यायचा थांबला, टीम तिथल्या तिथे ठरवू लागली, की निम्मं काम झालं. हे निकष टीमच्या डोक्यात असणं कुठल्याही प्रेरणादायी भाषणापेक्षा जास्त उपयोगाचं.

त्याच्याच जोडीला कोअर ह्युमॅनिटेरियन स्टँडर्ड वाचा, म्हणजे मदतसंस्थांनी लोकांशी कसं वागावं याची वचनं. पहिल्यांदा 2014 मध्ये आलं, 2024 मध्ये सुधारलं, त्यात नऊ वचनं आहेत. पाचवं तक्रारींबद्दल आहे: लोकांना न घाबरता तक्रार करता आली पाहिजे आणि तिचा निकाल लागला पाहिजे. आपल्याकडे संस्था काय करतात, कार्यालयाच्या दारात एक पेटी टांगतात. गावात कोण पेटीशी गेलं हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं, अक्षरही ओळखतात. पेटी कायम रिकामी, आणि अहवालात 'एकही तक्रार नाही'! हा विषय टीमपुढे नुसता काढलात तरी तासभर चर्चा रंगेल.

मग नेतृत्वाचे कोर्स. ह्युमॅनिटेरियन लीडरशिप अकॅडमीचं 'काया' आणि 'डिझास्टररेडी' ही दोन्ही संकेतस्थळं फुकट आहेत, नाव नोंदवलं की झालं. कामं वाटून देणं, हाताखालच्या माणसाला त्याची चूक न दुखावता सांगणं, ताणातल्या टीमची काळजी घेणं, एवढे विषय निवडा. बाकीचे बटण दाबत पुढे जायचे आणि प्रमाणपत्र छापायचं, अशा धाटणीचे बरेच आहेत. उदाहरणं मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांची असतात, जिथे मनुष्यबळ विभाग वेगळा, सुरक्षा अधिकारी वेगळा. आपल्याकडे हिशेब, गाडी आणि चहा एकच माणूस बघतो. तेवढं मनात बदलून घ्यावं लागतं.

एक विचार मात्र मला खरोखर कामाचा वाटला, तो हार्वर्डच्या रोनाल्ड हायफेट्झ यांचा. काही प्रश्न तज्ज्ञाने येऊन सोडवण्यासारखे असतात, तर काही लोकांनी स्वतःच्या सवयी आणि हितसंबंध बदलल्याशिवाय सुटत नाहीत. टँकर मागवणं पहिल्या प्रकारात येतं. नदीकाठच्या त्याच घरांत दर काही वर्षांनी पाणी का शिरतं, हे दुसऱ्या. त्यात जमीन आली, पंचायत आली, शेजाऱ्याने घातलेली मातीची भर आली. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाला आपण टँकर पाठवत राहतो आणि मग थकतो.

पैसे कधी भरायचे? तुमचं लिखाण कोणी जिवंत माणूस वाचून उत्तर देणार असेल, आणि सोबत तुमच्यासारखं काम करणारे दहा-वीस जण असतील, तरच. चित्रफिती आणि बहुपर्यायी प्रश्नांसाठी एक रुपयाही नको. भरण्याआधी शिष्यवृत्ती विचारा, अनेक ठिकाणी असते, मागणाऱ्याला मिळते. संस्थेच्या खर्चाने करणार असाल तर हिशेबनीसाशी आधी बोला. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा 2020च्या कायदादुरुस्तीने 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली, तेव्हापासून प्रशिक्षणाच्या रकमेवर पहिली कात्री चालते.

वेळेचं बघा. जिनिव्हात दुपारी 2 वाजता असलेला वर्ग आपल्याकडे त्यांच्या उन्हाळ्यात साडेपाचला आणि हिवाळ्यात साडेसहाला येतो, तो जमतो. अमेरिकेतले वर्ग रात्री उशिरापर्यंत चालतात, घरचे वैतागतात. पावसाळ्यात थेट वर्ग घेऊच नका, आणि चवथीच्या आसपास तर अजिबात नाही. एकट्याने करण्यापेक्षा टीममधल्या एकाला सोबत घ्या. बरेचसे कोर्स इंग्रजीत असतात, तेव्हा दोघांनी आठवड्याला एकदा बसून बाकीच्यांना मराठी-कोंकणीत सांगायचं. सांगताना जे अडतं, तेच आपल्याला समजलेलं नसतं.

आणि कोर्सला नाव नोंदवण्याआधी संचालकांकडून एक गोष्ट लिहून घ्या: त्यांना न विचारता तुम्ही किती रुपयांपर्यंत खर्च करू शकता, कुठली गाडी पाठवू शकता, मामलेदारांशी थेट बोलू शकता का. हे मिळालं नाही तर कामं वाटून देण्याचा धडा गिरवून काय करणार, वाटायला तुमच्याकडे काही नसेलच. मिळालं, तर त्याच दिवशी तसाच एक कागद टीममधल्या प्रत्येकासाठी करा, रक्कम कमी असली तरी चालेल.