"मी गेल्यावर पैसे पोरांनाच मिळतील ना?"

सोयाबीनची सुगी उरकल्यावर औसा तालुक्यातलं एक जोडपं विम्याचं विचारायला माझ्याकडे लातूरला आलं. त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. माल उधारीवर येतो, शेतकऱ्यांना उधारीवरच जातो आणि वसुली होते शेतमाल आडतीवर गेल्यावर. दुकानदार अडतीस वर्षांचे, मुलगी नऊची, मुलगा पाचचा. त्यांनी जे विचारलं ते मला नेहमीच ऐकायला मिळतं: "ताई, उद्या माझं काही बरंवाईट झालं तर विम्याचे पैसे पोरांनाच मिळतील ना?"

वहिनींनी प्लास्टिकच्या पिशवीतून चौघडी घातलेला बाँड काढला. नॉमिनी म्हणून मोठ्या भावाचं नाव. पॉलिसी लग्नाआधीची, त्यानंतर कुणी उघडूनच पाहिली नव्हती.

भाऊ नॉमिनी असला तरी तो रक्कम फक्त स्वीकारणार, हक्क आई, बायको आणि मुलांचा. शिवाय ती रक्कम मयताच्या मिळकतीत धरली जाते, म्हणून ज्यांचं देणं राहिलंय तेही तिच्यावर हक्क सांगू शकतात. "मग पोरीचं नाव टाकू की!" ते म्हणाले. टाकता येतं. पण ती सज्ञान होईपर्यंत पैसे अपॉइंटीच्या, म्हणजे तिच्या वतीनं पैसे घ्यायला नेमलेल्या माणसाच्या, हातात पडतात आणि विमा कंपनीची जबाबदारी तिथं संपते. पुढं त्या पैशांचं काय झालं हे विधवा सुनेनं भरल्या घरात विचारायचं कसं? हे मी पाहिलंय, म्हणून इतकं कळकळीनं सांगते.

यावर उपाय जुनाच आहे. 1874 चा विवाहित महिला संपत्ती कायदा, कलम 6. एजंट त्याला 'एमडब्ल्यूपी' म्हणतात. विवाहित पुरुषानं स्वतःच्या आयुष्यावर पॉलिसी घेताना ती बायको-मुलांच्या लाभासाठी आहे असं त्यातच लिहून दिलं, की कायद्यानं तिचा ट्रस्ट होतो, म्हणजे पैसे त्यांच्यासाठीच राखलेले राहतात. वेगळं ट्रस्टपत्र लागत नाही. ती रक्कम त्याच्या मिळकतीत येत नाही, सावकार असो की बँक, तिला हात लावू शकत नाही. फक्त ज्यांचं देणं आहे त्यांना बुडवायच्या इराद्यानंच पॉलिसी घेतल्याचं सिद्ध झालं, तर त्यांचा तिच्या रकमेवरचा हक्क शाबूत राहतो.

हे प्रस्ताव भरतानाच करावं लागतं, जुन्या पॉलिसीला मागाहून जोडता येत नाही. म्हणून जुन्या पॉलिसीत नॉमिनी बदलून बायकोचं नाव घालायचं आणि नवा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, एमडब्ल्यूपीखाली घ्यायचा, असं ठरलं.

त्यांनी जरा थांबून विचारलं, "पेरणीला अडचण आली तर यावर कर्ज निघंल का?" टर्म प्लॅनवर तसंही कर्ज निघत नाही. पण एमडब्ल्यूपीखाली बचतीची पॉलिसी घेतली, तरी ती आपल्या मर्जीनं मोडता येत नाही, लाभार्थीही बदलता येत नाहीत. पुढं नवरा-बायकोचं पटलं नाही तरीसुद्धा नाही. हे ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले. ती शांतता मला आवडली, कारण सही करण्याआधी हे कळायलाच हवं.

अडलं ते ट्रस्टीपाशी, म्हणजे ते पैसे बायको-मुलांसाठी सांभाळायचे कुणी यावर. वहिनी म्हणाल्या, "माझं नका लिहू, मला बँकेतलं काही कळंना. भावजींचं लिहा." मी आग्रहच धरला. भावजी कितीही चांगले असोत, मुलांच्या शाळेची फी कधी भरायची हे आईला माहीत असतं. ट्रस्टीला तो पैसा मुलांच्या पालनपोषणावर आणि शिक्षणावर खर्च करता येतो. शेवटी त्या आणि त्यांचे शिक्षक असलेले भाऊ, असे दोघं ट्रस्टी ठरले.

एक गोष्ट मात्र या कायद्यानं सुटत नाही. मूल सज्ञान झालं, की आपला वाटा मागू शकतं. अठराव्या वर्षी एवढी रक्कम पोराच्या हाती नको वाटत असेल, तर वकिलाकडून स्वतंत्र ट्रस्टपत्र करून घ्यावं लागतं. त्यांनी तूर्त ते केलं नाही.

अर्जावर लाभार्थ्यांची नावं लिहिताना वहिनींनी मला थांबवलं. मुलीच्या आधारवर नाव एक आणि जन्मदाखल्यावर दुसरंच होतं. "आधी हे दुरुस्त करून आणते," म्हणत त्यांनी दोन्ही कागद पिशवीत ठेवले. सही पुढच्या सोमवारी झाली.