लक्ष्मीपूजनाला टॉकीज ओस, चेन्नईत मात्र हाउसफुल

प्रश्न : मुलगा नोकरीनिमित्त चेन्नईला असतो. तो सांगतो, तिथे दिवाळीच्या सकाळीच टॉकीजपुढे झुंबड उडते. आपल्या इंदूरला तर लक्ष्मीपूजनाला खुर्च्या रिकाम्या असतात. मग मोठे तमिळ चित्रपट नेमके सणालाच का येतात? आणि कमाईचे जे आकडे छापून येतात, ते कसे वाचावेत? – एक वाचक, स्नेहनगर, इंदूर

उत्तर : मुलगा सांगतो ते खरं आहे. मी इंदुरात एका वितरकाच्या कचेरीत हिशेब बघायची. टॉकीजवाल्यांकडून रोजचा डीसीआर यायचा, म्हणजे दिवसभराच्या गल्ल्याचा कागद. त्यात शोनुसार विकलेली तिकिटं, कर आणि खाली निव्वळ रक्कम. लक्ष्मीपूजनाच्या कागदावरचा सहाचा आणि नऊचा शो बघवत नसे. बायकामाणसं पूजेत, व्यापारी पेढीवर वहीपूजनाला, उरलेलं गाव राजवाड्यावर खरेदीत. पाडव्यापासून मात्र तोच कागद भरून यायचा.

तमिळनाडूत दिवाळी मुख्यतः एकाच दिवसाची, आपल्या नरक चतुर्दशीची. पहाटे तेल लावून अंघोळ, नवे कपडे, फराळ, की दिवस मोकळा. संध्याकाळच्या पूजेची घाई नाही, म्हणून सिनेमा हा तिथे सणाचाच भाग झाला आहे.

पोंगलची, म्हणजे त्यांच्या संक्रांतीची, गोष्ट तर आणखी मोठी. भोगी त्यांच्याकडेही आहे. मग पोंगल, गुरांचा माट्टु पोंगल आणि शेवटी काणुम पोंगल, म्हणजे नातलगांना भेटायचा, बाहेर पडायचा दिवस. सलग सुट्टी आणि सगळं घर एकत्र, त्यामुळे दोन बडे चित्रपट एकमेकांसमोर उभे राहू शकतात. 10 जानेवारी 2019 ला रजनीकांतचा 'पेट्टा' आणि अजितचा 'विश्वासम' एकाच दिवशी आले आणि दोन्ही चालले. 'विश्वासम' गावाकडचा, बाप-लेकीचा. त्याला आजीपासून नातवापर्यंत सगळे आले. 2023 मध्ये 11 जानेवारीला विजयचा 'वारिसु' आणि अजितचा 'तुनिवु' असेच भिडले.

पण सण फक्त ओपनिंग, म्हणजे सुरुवातीची गर्दी देतो, एवढं मी छातीठोक सांगेन. 25 ऑक्टोबर 2019 ला दिवाळीसाठी विजयचा 'बिगिल' आला. त्याच दिवशी आलेल्या कार्तीच्या 'कैदी'ला स्क्रीन कमी होते. त्यात गाणं नाही, नायिका नाही, सगळी कथा एका रात्रीची. लोकांनी एकमेकांना सांगितलं आणि तो चढत गेला. म्हणून सुट्टी संपल्यावरचा पहिला सोमवार बघा. त्या दिवशीची घसरण चित्रपटाचं भवितव्य सांगते, पोस्टरवरचा आकडा नाही.

पोस्टरवर असतो तो ग्रॉस, म्हणजे काहीही वजा न केलेला एकूण गल्ला, तोही बहुतेकदा जगभरचा. त्यातून जीएसटी जातो, तमिळनाडूत शिवाय स्थानिक करमणूक कर, मग थिएटरचा हिस्सा. उरतो तो वितरकाचा शेअर. त्याने चित्रपट ज्या किमतीला घेतला ती वसूल झाली, तर तो हिट. तिकीटदरावर तिथे सरकारी मर्यादा आहे, म्हणून मोठा गल्ला जमायला माणसंही तेवढीच जास्त यावी लागतात. हे मला फार मोलाचं वाटतं.

शेवटी आपल्या इंदूरबद्दल. तमिळ चित्रपटाची हिंदी आवृत्ती कधीकधी आपल्याकडच्या मल्टिप्लेक्समध्ये दिसत नाही, त्याला प्रेक्षक कारण नसतो. 19 ऑक्टोबर 2023 ला, आयुध पूजेच्या, म्हणजे दसऱ्याच्या वेळच्या सुट्ट्या धरून, विजयचा 'लिओ' आला. हिंदी चित्रपट ओटीटीवर जाण्याआधी आठ आठवडे थांबावा, असा बड्या मल्टिप्लेक्स साखळ्यांचा आग्रह. 'लिओ'चा करार चार आठवड्यांचा होता, म्हणून त्यांनी हिंदी आवृत्ती लावली नाही. ती एकपडदा टॉकीजकडे गेली. तेव्हा पुढच्या वेळी मल्टिप्लेक्सच्या यादीत नाव नसेल, तर जुन्या टॉकीजकडेही चौकशी करा.