शूट संपलं की बोलायला कुणीच नसतं

प्रश्न : ताई, नोकरी सोडून मी आता घरातल्या एका खोलीत प्रॉडक्ट फोटोग्राफी करतो. दागिने, मसाले, साड्या. शूट, एडिटिंग, बिलं, क्लायंटचे फोन, सगळं एकट्याने. कधीकधी दिवसभर कुणाशी बोलणं होत नाही. फोटो चांगला झालाय की नाही, तेही कळेनासं झालंय. दोन क्लायंटनी पैसे अडकवलेत. आईला वाटतं, घरीच तर असतो, दळण आणेल. परत नोकरी धरू का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : पैसे अडकलेले असताना नोकरीचा निर्णय घेऊ नकोस. तुझ्या मूळ पत्रातलं निम्मं पान त्या दोन क्लायंटवरच होतं (जागेअभावी छापलेलं नाही). त्यावरून मला वाटतं, तुझ्या एकटेपणातला बराचसा भाग थकलेल्या बिलांचा आहे.

म्हणून आधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, कर. ऑनलाइन होते, फुकट होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. लगेच भांडायला जा असं मी म्हणत नाही. पण बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि ही ओळ असली की अकाउंट्सवाल्यांचा सूर बदलतो. जुन्या बिलांसाठी मात्र या नोंदणीवर भिस्त ठेवू नकोस. त्या दोघांना आजच मेल टाक : बिल नंबर, तारीख, रक्कम. विनवणी नको. पुढच्या कामापासून निम्मे पैसे आधी घे, आणि बाकीचे येईपर्यंत वॉटरमार्कवाल्या छोट्या फाइल्सच पाठव.

दळणाचं काय, ते आणावंच लागेल. पण एकदा आईला शूटच्या वेळी उजेड परतवायला थर्मोकोल धरून उभं कर. एका अंगठीला किती वेळ लागतो ते तिने बघितलेलं बरं.

फोटो चांगला झालाय का ते कळत नाही, ही तक्रार मात्र खरी एकटं काम करण्याची. ठुशीच्या प्रत्येक मण्यात खिडकी, ट्रायपॉड आणि तुझा टी-शर्ट दिसत असतो आणि तासाभराने आपल्या डोळ्यांना तो दिसेनासा होतो. माझा असिस्टंट नेमकं पॅकअपच्या वेळी "मॅडम, कडेला रिफ्लेक्शन येतंय" म्हणतो. राग येतो, पण फोटो वाचतो. दागिन्यांच्या शूटला तरी असिस्टंट घेच आणि त्याचा रोज कोटेशनमध्ये वेगळा दाखव. एरवी लग्नाचं काम करणारा एखादा फोटोग्राफर मित्र गाठ. त्याने तुझी निवड बघायची, तू त्याची. धंद्यात स्पर्धा नाही, त्यामुळे तो खरं बोलेल. इन्स्टाग्रामच्या लाइक्सना मी धरत नाही.

काम दाखवायचं तर एक खबरदारी घे. ऑर्डरप्रमाणे पैसे घेऊन काढलेल्या फोटोचा कॉपीराइट, वेगळं काही ठरलं नसेल तर, १९५७ च्या कायद्याप्रमाणे क्लायंटचा असतो. 'पोर्टफोलिओत आणि प्रदर्शनात वापरता येईल' ही ओळ कोटेशनमध्ये घालूनच टाक.

आणि बालगंधर्वच्या कलादालनात फोटोंचं प्रदर्शन लागलं की जात जा. फोटोग्राफर तिथेच घुटमळत असतो, त्यालाही कुणीतरी बोलायला हवंच असतं. लाइट कसा लावला ते तो हौसेने सांगेल. दर मात्र विचारू नकोस, पुण्यात तो कुणी सांगत नाही.