घाणेरी तोडली, तरी दाट का झाली?

प्रश्न : आमच्या सोसायटीतले पंचवीसेक जण जूनअखेर येऊरच्या जंगलात सफाईला जाणार आहोत. गेल्या मे महिन्यात आम्ही तिथली घाणेरी कोयत्याने तोडली होती. दिवाळीपर्यंत ती पूर्वीपेक्षा दाट झाली. काय चुकलं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : कोयत्यावर थांबलात, ते चुकलं. घाणेरी (टणटणी, म्हणजे रानात माजणारं परदेशी झुडूप) वरून कापली की खोड आणि मूळ जुळतात त्या गाठीतून एका फांदीच्या जागी चार फुटवे येतात. कुंपणाची मेंदी आपण अशीच दाट करतो!

कोयता फक्त वरच्या फांद्या छाटून बुंध्यापर्यंत पोहोचायला वापरा. मग कुदळीने माती उकरा, गाठीच्या खाली, जमिनीत साधारण तीन इंचांवर मुख्य मूळ तोडा आणि निघालेला बुंधा मुळं वर करून ढिगावर उलटा ठेवा. ओल्या मातीला टेकलेला तुकडा पुन्हा मूळ धरतो. दोन-चार चांगले पाऊस झाल्यावर माती मऊ असते, म्हणून जूनअखेर ठीक. फळं असलेल्या फांद्या ओढत नेऊ नका, बिया वाटभर सांडतात. फळं आधी गोणीत तोडून घ्या.

जागा मोकळी झाली, ऊन पोहोचलं की मातीतल्या जुन्या बिया उगवणारच. म्हणून वीस बाय वीस फुटांचाच तुकडा घ्या, पण ऑगस्ट आणि ऑक्टोबरमध्ये तिथेच परत जा. तेव्हा रोपं हाताने उपटतात. उपटण्याआधी पान चुरगळून वास घ्या. कारवी या इथल्या देशी झुडपाची पानंही समोरासमोरच असतात, पण घाणेरीचा उग्र दर्प लपत नाही.

हे काम दहा जणांना पुरे, बाकीच्यांनी कचरा उचलावा. फुटक्या बाटल्यांना गोणी नको, ती फाटून पोटरीला लागते. रंगाची रिकामी बादली घ्या. जुन्या वृक्षारोपणातल्या रोपांच्या काळ्या पिशव्या मातीत अर्ध्या गाडलेल्या सापडतील, त्याही काढा. पालापाचोळा मात्र झाडू नका, तो कचरा नव्हे. त्यात फुरसं (विषारी साप) असू शकतं, म्हणून हात घालण्याआधी काठीने चाळवा. ओढ्यातले दगडही हलवू नका, खाली खेकडे असतात.

आणि परवानगी? येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. घाणेरीसुद्धा आपल्या मर्जीने उपटता येत नाही. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे माणसांची यादी, तारीख आणि अवजारं लिहून अर्ज द्या, वनरक्षक सोबत मागा. तुकडा कुठला घ्यायचा, हेही त्यांनाच ठरवू द्या.