ओपन सोर्स कॉन्फरन्ससाठी एकटीने अनोळखी शहरात जावं का? टॉक तर नंतर यूट्यूबवर येतातच ना?

"नंतर यूट्यूबवर येतातच ना" हे वाक्य मी आमच्या दादाच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की उत्तर जरा तिखट होणार, आधीच सांगते.

2024 चं इंडियाफॉस, म्हणजे ओपन सोर्सवाल्यांची (ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरची) कॉन्फरन्स, बंगळूरला निमहान्सच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये होतं, 7 आणि 8 सप्टेंबरला. आणि 7 लाच गणेश चतुर्थी. मी मिरजेची, आमचा गणपती गौरींबरोबर जातो, म्हणजे घरात केवढा पसारा असतो ते कळेल तुम्हाला. दादा म्हणाला, फुकटच्या सॉफ्टवेअरच्या जत्रेला गाडीभाडं घालून जायचं, तेही सणाला? खरं दुखणं वेगळंच होतं, मोदक मी करते. हाच दादा दुबईला असताना सलग तीन वर्षं गणपतीला आला नाही तेव्हा आई त्याला व्हिडिओ कॉलवर आरती दाखवायची आणि शेजारणींना कौतुकाने सांगायची. असो. सारण करून डब्यात भरलं, उकड कशी काढायची ते वहिनीला दाखवलं आणि शुक्रवारी दुपारी बंगळूरची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडली.

मला कोडिंग यथातथाच येतं. सीएच्या ऑफिसात नोकरी, आणि बिलिंगच्या एका छोट्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर करते, तेच दादाच्या दुकानात मी बसवून दिलंय. त्यात एक घोळ होता. बिलावर कऱ्हाडच्या गिऱ्हाइकाचा पत्ता छापला की कऱ्हाडचं 'कर्हाड' व्हायचं, रफार थेट ह च्या डोक्यावर. मी बग टाकला, म्हणजे चुकीची रीतसर तक्रार नोंदवली, आठ महिने पडून होता, सॉफ्टवेअरवाल्यांचं उत्तर एकच, आमच्याकडे असं होत नाही. दादा म्हणायचा कर्हाड काय नि कऱ्हाड काय, पैसे येतात ना.

शनिवारी सकाळी मॅजेस्टिकला, म्हणजे बंगळूरच्या मुख्य स्टेशनाला उतरले, मेट्रोने लालबाग, तिथून रिक्षा. फुटपाथवर केळीचे खुंट, फुलांचे ढीग आणि गणपतीशेजारी गौरीच्या मूर्तीपण विकायला. रिक्षावाले अण्णा मोडक्या हिंदीत म्हणाले, गौरी काल आली, गणेश आज. म्हटलं आमच्याकडे गौरी तीन दिवसांनी येतात, तर त्यांनी आरशातून माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच पंचांग चुकवलंय. मीटरने मात्र आले नाहीत.

पहिले दोन तास वाईट गेले, खोटं कशाला बोलू. सगळे एकमेकांना ओळखतात असं वाटत होतं, मी मागच्या भिंतीला टेकून फोनमध्ये बघत उभी. जो टॉक ऐकायला गेले तो निम्मा डोक्यावरून गेला. तेव्हा मनात म्हटलंसुद्धा, दादा बरोबर होता.

मग जेवणाच्या रांगेत पुढच्या मुलाच्या लॅपटॉपवर मल्याळम अक्षरांचा स्टिकर दिसला, म्हणून सहज त्याला फोनवर ते बिल दाखवलं. त्याला मराठीचा एक शब्द येत नाही, पण कर्हाड बघून लगेच विचारलं, तुमचं सॉफ्टवेअर झिरो विड्थ जॉइनर काढून टाकतंय का? तो एक न दिसणारा कॅरेक्टर असतो. आपला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो, एक तर नुक्ता (खालचं टिंब) असलेला ऱ घेऊन हलंत, नाहीतर साधा र, हलंत आणि मग हा जॉइनर. दुसऱ्या तऱ्हेतला जॉइनर उडाला की उरतो नुसता रफार. मल्याळममध्ये चिल्लू अक्षरं, म्हणजे स्वर नसलेली व्यंजनं, आधी अशीच जॉइनर लावून लिहायचे, 2008 मध्ये युनिकोडने (कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला नंबर ठरवून देणारी पद्धत) त्यांना स्वतंत्र जागा दिली तोवर त्या लोकांनी हे दुखणं भरपूर भोगलं होतं. ताटं बाजूला ठेवून त्याने कोड उघडला, "फालतू कॅरेक्टर साफ करा" अशी एक ओळ सापडली, त्यात जॉइनरपण झाडून टाकत होते. माझा बग तपासणाऱ्याचा कीबोर्ड नुक्तावाला ऱ देत होता म्हणून त्याला आठ महिने काही दिसलंच नाही. दुरुस्ती त्याने माझ्याकडूनच करून घेतली, आयुष्यातली पहिली पुल रिक्वेस्ट (माझा बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती), डाव्या हाताने, उजवा भाताचा होता.

आता हे यूट्यूबवर कुठे आहे ते दादाने मला दाखवावं. टॉक येतात, मान्य, आणि बरेचसे घरीच बघावेत, दीडपट स्पीडवर. जायचं ते रांगेसाठी आणि बाहेरच्या बाकांसाठी. म्हणून स्वतःचा एक अडलेला प्रश्न बरोबर घेऊन जा, फोनवर दाखवता येईल असा. रिकाम्या हाताने गेलात तर स्टिकर गोळा करून परत याल.

राहायचं म्हणाल तर मेट्रोच्या जवळ बघा, ठिकाणाच्या जवळ नसलं तरी चालतं. सणाच्या तारखा असतील तर गाडीचं तिकीट आधी काढा, माझं परतीचं वेटिंगवर होतं, शेवटच्या क्षणी कन्फर्म झालं. आणि हो, पैशाची ओढाताण असेल तर पहिल्यांदाच एवढ्या लांब जाऊ नका, इंडियाफॉस भरवणाऱ्या फॉस युनायटेड संस्थेच्या छोट्या मीटअप पुण्या-मुंबईतही होतात, तिथे जाऊन बघा जमतंय का. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर माझ्या कामाचं फारसं काही नव्हतं, हेही सांगायला हवं.

सोमवारी दुपारी मिरजेत परत, गौरी मंगळवारी होत्या. मोदक वहिनीने केले होते, कळ्या माझ्यापेक्षा बऱ्या. दुकानात आता रोज कऱ्हाड बरोबर छापलं जातं, दादाच्या अजून लक्षात आलेलं नाही आणि मी सांगणारही नाही. 2025 ला इंडियाफॉस 20-21 सप्टेंबरला होतं, गणपती कधीच येऊन गेले होते, मग दादाने पितृपक्ष काढला.