बेळगावातील मराठी पालक मुलांना इंग्रजी माध्यमात का घालतात?

मराठीसाठी आंदोलने करणारे बेळगावचे पालक स्वतःची मुले इंग्रजी शाळेत का घालतात, असे आपण विचारले आहे. हाच प्रश्न माझ्या थोरल्या काकांनी सगळ्या घरासमोर मला विचारला होता, म्हणून लिहितो.

मी खानापूर तालुक्यात दहावीपर्यंत मराठीतून शिकलो आणि गणित-विज्ञान माझे पक्के होते. पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, शहरात सायन्स घेतले, तेव्हा शिकवणे इंग्रजीत आणि अडलेले समजावणे कन्नडमध्ये होई. मला दोन्ही धड कळत नसे. त्वरण, घनता, संयुजा यांच्या व्याख्या ज्याला तोंडपाठ होत्या, तो मुलगा शेजाऱ्याची प्रयोगवही पाहून उतरवू लागला आणि अखेर त्याने सायन्स सोडले. मुलीच्या प्रवेशाच्या वेळी काका म्हणाले, "एक नोव्हेंबरला सायकल फेरीत जातोस आणि पोरीला इंग्रजीत घालतोस?" वडीलधारे म्हणून मी तेव्हा गप्प बसलो. ती फेरी बेळगाव कन्नड राज्यात घालण्याच्या, १९५६ साली आमच्यावर लादलेल्या निर्णयाविरुद्ध आहे. त्या निर्णयाची किंमत माझ्या मुलीने अकरावीच्या वर्गात बसून का मोजावी?

काका राज्यघटनेच्या ३५०क या अनुच्छेदाचा आधार देतात, पण भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिकण्याची सोय तो प्राथमिक टप्प्यापुरतीच सांगतो आणि आमची अडचण दहावीनंतर सुरू होते. शिवाय पहिली ते चौथीचे माध्यम मातृभाषा किंवा कन्नडच असावे, हा कर्नाटकाचा १९९४ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी अमान्य केला आणि निवड पालकांची ठरवली. कन्नड माध्यम घेतले तर भाऊबंद शरणागती म्हणतात, मराठीतून पुढे शिकायचे तर कोल्हापूर गाठावे लागते. इंग्रजी घेऊन मात्र मूल बेंगळुरूलाही जाते आणि पुण्यालाही.

एक मात्र सांगायला हवे. गल्लीतल्या ज्या इंग्रजी शाळेत शिक्षकालाच इंग्रजी बोलता येत नाही, तिच्यापेक्षा चांगले शिक्षक असलेली मराठी शाळा चौथीपर्यंत केव्हाही बरी, विशेषतः घरी अभ्यास घेणारे कोणी नसेल तर. कन्नडही मुलांना नीट लिहिता-वाचता आले पाहिजे, कारण येथील सरकारी नोकरी तिच्यावाचून मिळत नाही. आणि मराठी शाळांची पटसंख्या घटते म्हणून पालकांना दोष देणाऱ्या काकांसारख्या मंडळींनी बेळगावात मराठी मुलांसाठी पीयूसी सायन्सचा इंग्रजी पूर्वतयारी वर्ग सुरू करावा. तेथे विनामूल्य शिकवायला मी तयार आहे, हे मी त्यांनाही कळवले आहे.