गॅलिलिओपासून सुरुवात नको

विज्ञान आणि ख्रिस्ती धर्म यांच्या नात्याचा अभ्यास कुठून सुरू करावा, हा प्रश्न चांगला आहे, बिचकू नका. फक्त गॅलिलिओच्या खटल्यापासून सुरुवात करू नका. सगळे तिथेच अडकतात. आधी जॉर्ज लमेत्र यांच्याबद्दल वाचा. बेल्जियमचे हे कॅथलिक धर्मगुरू. विश्व प्रसरण पावतंय, हे त्यांनी १९२७ मध्ये गणितातून मांडलं. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांना अशा संशोधनात ईश्वरी निर्मितीची पुष्टी दिसली, पण खुद्द लमेत्र यांनाच ते रुचलं नाही. का, हे समजलं की अर्धं काम झालं.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- विज्ञानाला उत्तर सापडलं नाही की तिथे देव बसवणं. उद्या उत्तर सापडलं, की देवाने जागा रिकामी करायची का?
- बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकात देवाने सहा दिवसांत जग घडवल्याचं सांगणाऱ्या पहिल्या अध्यायात भूशास्त्र शोधणं. प्राचीन काळातले ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन यांनीही ते सहा दिवस चोवीस तासांचे मानले नव्हते.

क्वांटम भौतिकी वगैरे सध्या राहू द्या.